हिरव्या चहाचा उतारा

९ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले, थाचदादाचं रोजचं लिहून ठेवा. काय खाल्लं, कसा झोपला, कुठे पडला. म्हणून लिहायला बसले. मला सवय नाही. अक्षरही हल्ली कोंबडीने उकरल्यासारखं येतं, पेनंच धड मिळत नाहीत.

आज हनोईहून परत आलो. दादा, मी आणि हे, माझ्या दिएपचे बाबा. इतकी वर्षं नाव नव्हतं त्या दुखण्याला, आज मिळालं. हंटिंग्टन. बसमध्ये मी ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. जीभ अडखळते.

दादा चहा भाजायला बसला की आमच्या अख्ख्या वाडीत कोवळ्या भाताच्या हिरव्या पोह्यांसारखा वास सुटायचा. मग त्याचे हात उडायला लागले, पाय भलतीकडे पडायला लागले. भट्टीवाल्यांनी दारुडा म्हणून काढलं. वहिनी माहेरी गेली ती गेलीच. आईचंही असंच झालं होतं. तिलाही गाव दारुडी म्हणायचं, आणि तिने जन्मात थेंब घेतला नव्हता.

डॉक्टर हाओ तरुण आहेत, बोलायला गोड. म्हणाले, "हे रक्तातून येतं. आईला असलं की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखं." मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून म्हणाले, "मेनताई, तुम्हाला तपासून घ्यायचंय का? सक्ती नाही."

मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?"

दोन भावंडं, एक नाणं. दादाच्या वाट्याला काटा आला, म्हणजे माझ्या वाट्याला छापा. डॉक्टर म्हणत होते तसं नसतं म्हणून, प्रत्येकाचं नाणं वेगळं असतं म्हणून. डॉक्टरांना काहीतरी बोलावंच लागतं.

औषध नाही म्हणाले. हात उडणं कमी करायच्या गोळ्या आहेत, पण आजार चालतच राहणार. मी विचारलं, "पथ्य तरी?" तेव्हा ते हसून म्हणाले, "तुम्ही तान कुओंगचे ना? तुमच्या हिरव्या चहातल्या एका द्रव्यावर संशोधन झालंय. फळांवरच्या माश्यांना हाच आजार देऊन पाहिला. मेंदूत खराब प्रथिनांच्या गुठळ्या होतात, त्या चहाने कमी झाल्या. पण ताई, माणसांवर अजून..."

पुढचं मी ऐकलंच नाही. आम्ही चहात जन्मलो, चहात वाढलो, आणि उतारा बाहेर शोधत हिंडत होतो.

१५ सप्टेंबर

चहा सुरू केला. नुसता गावचा चहा नाही. दोन पानं आणि एक कळी, माझ्या हातची खुडलेली. दर थोड्या वेळाने एक कप, कडक.

दादाचं बोलणं आता घोळ झालंय, सगळे शब्द एकमेकांत मिसळतात. घरात ते फक्त मलाच कळतं. मी ऐकायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. आज म्हणाला, "चहाने मेंदू सुधारत असता तर या वाडीत सगळे प्रोफेसर झाले असते." मी ते मोठ्याने सांगितलं. दिएप हसून हसून पडली. मोबाइलच्या कारखान्यात सुटे भाग जोडते माझी लेक, एकविशीची आहे, सुट्टीच्या दिवशी येते. ती आली की घरात माणूस आल्यासारखं वाटतं.

एक खूळ काढलंय दादाने. म्हणतो, "आधी तू पी. तू प्यायलीस तरच मी पिणार." आणि पहिला, कडक कप मलाच घ्यायला लावतो. लहान मूल झालाय नुसता. मला चहा फार झाला की छातीत धडधडतं. पण त्याच्यासाठी पिते.

४ ऑक्टोबर

फरक पडतोय! आज दादाने चमचा स्वतः धरून पेज खाल्ली. अर्धी सांडली, पण अर्धी पोटात गेली ना. दिएपच्या बाबांना दाखवलं तर "हं" म्हणाले. या माणसाला आनंद दाखवायला जन्मात जमलं नाही.

कप फार फुटतायत. हल्ली माती हलकी वापरतात. चपलाही पायात राहत नाहीत, चालता चालता निसटतात. बाजारातल्या बाईला चांगलं सुनावलं.

मोटरसायकलची किल्ली सापडत नाहीये. परवा ओढ्याजवळ घसरले तेव्हापासून. विचारलं तर हे म्हणतात, "मेकॅनिककडे आहे." किल्ली मेकॅनिककडे आणि गाडी अंगणात! मी म्हटलं, "मला काय कुक्कुलं बाळ समजता?" तर उठून सरपण फोडायला गेले.

खुडणाऱ्या बायकाही कुजबुजतात. तुएतमावशी माझ्या टोपलीत हात घालून म्हणाली, "मेन, अगं देठासकट ओरबाडतेस की काय? तुझी खुडणी म्हणजे सोनं होतं." मी म्हटलं, "तुमचे डोळे तपासून घ्या, मावशी." दिवसभर बोलले नाही तिच्याशी.

२६ ऑक्टोबर

आजचा दिवस वाईट गेला.

दादा गेल्यापासून, म्हणजे भट्टीवरून गेल्यापासून, घरचा चहा भाजायच्या ढोलावर मीच बसते. पानं टाकली, ढोल फिरवला, सगळं नेहमीसारखं. मध्येच काय झालं कळलं नाही. पुढे काय करायचं तेच सुचेना. हात तसाच. विस्तव काढायचा की आधी पानं मळायला घ्यायची? हजारदा केलेलं काम. वास आला तेव्हा सगळा घाणा करपलेला.

दिएपचे बाबा धावत आले. म्हणाले, "उठ, मी बघतो." एवढंच. पण ते ज्या आवाजात म्हणाले! आजारी माणसाशी बोलावं तसं. मी हातातला लाकडी झारा फेकला. त्यांच्या कानाजवळून गेला. मला फेकायचा नव्हता. म्हणजे फेकायचा होता, पण इतक्या जोरात नाही.

"माझ्या भावाला घरात ठेवलाय म्हणून हा राग ना? सरळ बोला!"

ते खाली बसून जळकी पानं गोळा करत राहिले. दादा ओट्यावरून बघत होता. त्याचं अंग सगळं हलत होतं, मान, खांदे, गुडघे, पण डोळे माझ्यावर खिळलेले. त्यांच्याकडे नाही, करपलेल्या चहाकडे नाही. माझ्या हाताच्या बोटांकडे.

त्याला ठसका लागतो हल्ली. आजही चहा नाकातून आला. आणि वाळत चाललाय. मी कप वाढवलेत.

१८ नोव्हेंबर

हनोई. दादाला यांनी बसमध्ये मांडीवर आडवा धरून नेला.

डॉक्टरांनी वजन बघितलं आणि मला विचारलं, दिवसात चहा किती? मी अभिमानाने सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. "ताई, मी असं सांगितलं नव्हतं. ते माश्यांवर होतं. माणसाला त्याने गुण येतो असं अजून कुणालाही दाखवता आलेलं नाही. यांना गिळता येत नाहीये, पातळ काहीही श्वासनळीत जाईल. शिवाय चहाने भूक मरते, झोप जाते. यांना दूध द्या, तूप-तेल द्या, दाट पेज द्या. चहा बंद."

बंद म्हणे. मग हातात काय उरलं? मी विचारलं तसं.

तेवढ्यात दादा बोलायला लागला. मोठ्याने, सगळं अंग ताणून. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतायत?"

दादा म्हणाला होता, "मला नका बघू. हिला बघा."

मी म्हटलं, "तहान लागलीय म्हणतो."

दादा ओरडला. पुन्हा तेच. मी म्हटलं, "पाणी, पाणी म्हणतोय." नर्सने पाणी आणलं. त्याने मान झटकली, भांडं उडालं, आणि तो रडायला लागला. त्याला रडताना मी आईच्या मयतीलाही पाहिलं नव्हतं.

आजारात माणूस वाट्टेल ते बडबडतो. सगळं काय डॉक्टरांच्या कानावर घालायचं? त्यांना आधीच कामं थोडी असतात का?

२० नोव्हेंबर

दादा माझ्याशी बोलत नाही.

चहा बंद केला होता दोन दिवस. आज पुन्हा एक कप दिला, दाट पेजेत कालवून. डॉक्टर लोक बदलत असतात, आज हे सांगतील, उद्या ते. दादाने तोंड मिटून घेतलं. मग बोटाने माझ्याकडे दाखवलं. आधी तू. मी प्यायले. मग त्याने तोंड उघडलं.

१४ डिसेंबर

दादा गेला.

ताप आला, छातीत घरघर. इस्पितळात म्हणाले, पाणी-अन्न फुप्फुसात गेल्याने न्यूमोनिया. शेवटी शेवटी अंग हलायचं थांबलं. इतक्या वर्षांनी तो शांत पडलेला दिसला. मी मूर्ख, मला क्षणभर वाटलं, बरा झाला.

काय गेलं असेल फुप्फुसात? पेज असेल. पेजच असणार.

९ जानेवारी

लिहायला काही नाही. ज्याचं लिहायचं तो नाही. तरी लिहिते, कारण आता बोलायला कुणी नाही. दिएपचे बाबा माझ्याशी अंडं हातात धरल्यासारखं वागतात. दिएप आली की बाप-लेक कोठीघराच्या मागे उभे राहून बोलतात, मी गेले की गप्प. परवा तिने फोनवर माझा चालतानाचा व्हिडिओ काढला. विचारलं तर म्हणाली, "सहज गं आई. आठवण."

आठवण काढायला मी मेलेय का?

जीभ चावली जाते जेवताना. थंडीने असेल.

३ फेब्रुवारी

आनंदाची बातमी! दिएपच्या कारखान्यातला मुलगा आहे, क्वी. नव्या वर्षाच्या सणाला येऊन गेला होता, तेव्हाच मला संशय आला होता. त्याच्या घरचे विडा-सुपारी घेऊन बोलणी करायला येणार. खालच्या पट्ट्यातली भातशेतीवाली माणसं, खाऊनपिऊन सुखी. दादा असता तर म्हणाला असता, "मुलगा दिसतो बावळट, पण चहा नीट धरतो."

कित्येक महिन्यांनी घरात हसले मी.

२१ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळीच दिएपचे बाबा म्हणाले, "चहा दिएप ओतेल. तू बस पाहुण्यांशी बोलत."

मी म्हटलं, "मुलीची आई जिवंत असताना? तान कुओंगच्या घरात? लोक तोंडात शेण घालतील."

"अगं, तू दमलीयस."

"मी ओतणार."

क्वीचे आई-वडील आले, एक काका आले. ताटात विड्याची पानं, सुपारी, भाताच्या वड्या. मी नेहमीचाच पण चांगला चहा केला होता, बरोबर शेंगदाण्याची चिक्की. क्वीची आई स्वभावाने मऊ बाई. रेशमी अंगरखा घालून आली होती, पिकल्या पेरूच्या रंगाचा.

ओतायला घेतलं. पहिला कप बरा गेला. दुसऱ्याला हात एकदम उडाला. कुणीतरी कोपर ढकलावं तसा. किटलीची चोच कपावर आपटली आणि गरम चहा त्या बाईच्या मांडीवर. ती "असू दे, असू दे" म्हणत उठली. दिएप फडकं घेऊन धावली. मी माफी मागितली, बसले. बोलणी पुन्हा सुरू झाली. तर टेबलावरचे कप वाजायला लागले. टुक टुक टुक. थांबेनात. सगळे कपांकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "टेबल कोण हलवतंय?"

काकांनी आपला कप उचलून हातात धरला.

क्वीची आई हळूच म्हणाली, "विहीणबाई, तुमचे भाऊ गेले ना अलीकडे... त्यांना काय झालं होतं म्हणे?"

मी तोंड उघडायच्या आत दिएपचे बाबा मोठ्याने हसले. लग्न झाल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. म्हणाले, "छे हो, मनात काही आणू नका! हिला सकाळी एखादा पेला लागतो तांदळाच्या दारूचा. आज पाहुणे येणार म्हणून दोन झाले. काय करणार, आमच्या घरात चहा मी पितो आणि दारू ही!"

काकाही हसले. क्वीच्या आईच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. आता वाटतं, तेवढ्यावर निभावलं असतं.

पण माझ्या अंगाची आग आग झाली. आईला जन्मभर जे ऐकावं लागलं ते माझा नवरा माझ्या तोंडावर, माझ्याच घरात म्हणतो!

"मी? दारू? मी थेंब घेत नाही! विचारा वाडीत कुणालाही!"

"आई," दिएप म्हणाली, "राहू दे ना. प्लीज, राहू दे."

"का राहू दे? खोटं का ऐकून घेऊ? वास घेऊन बघा माझ्या तोंडाचा!" आणि मी खरंच त्या बाईच्या तोंडापाशी तोंड नेलं.

वास नव्हताच. तिला कळलं. सगळ्यांनाच कळलं. काकांनी कप खाली ठेवला. टुकटुक तेवढी चालूच होती. मी टेबलाखाली बघितलं. माझा गुडघा होता. दोन्ही हातांनी दाबून धरला. तो माझ्या हातांखालीच हलत राहिला.

२४ फेब्रुवारी

निरोप आला. मुला-मुलीची जन्मसालं जुळत नाहीत, असं ज्योतिषाने सांगितलं म्हणे. सभ्य माणसं आहेत.

दिएपचे बाबा अंगणात सरपण फोडत होते. मी जाऊन उभी राहिले. विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी कुऱ्हाड ठेवली. "दोन वर्षं होतील."

"मला सांगितलं का नाही?"

"दुखण्याचं नाव कळल्यापासून तू रोज म्हणायचीस, मला छापा आला. म्हणताना तुझा चेहरा..."

"म्हणून मला चारचौघांत दारुडी ठरवलंत?"

"दारुडीच्या मुलीचं लग्न होतं, दिएपची आई," ते म्हणाले.

मी आत आले. दादा आधी तू, आधी तू म्हणायचा. मला वाटायचं हट्ट. चहावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तरी म्हणाला असेल, लागू पडलाच तर हिला पडू दे. आणि उरलेला चहा मी त्याच्या घशात ओतत राहिले. डॉक्टरांसमोर तो ओरडला, त्याची भाषा समजणारी मी एकटी, आणि मी म्हटलं पाणी.

२ मार्च

हनोईला तपासणीसाठी रक्त देऊन आले. डॉक्टर हाओंनी एका रेषेवर चालायला लावलं. मी विचारलं, "किती वर्षं?" त्यांनी सांगितलं. लिहीत नाही.

म्हणाले, निकाल यायला वेळ लागेल. पण ज्या पद्धतीने त्यांनी माझा हात हातात घेतला, त्यात निकाल होता.

१७ मार्च

डोंगरावर वसंताची खुडणी सुरू झालीय. सकाळी क्वी एकटाच आला होता, घरच्यांना न सांगता. अंगणात मोटरसायकलवर बसूनच होता, उतरायचं धाडस नव्हतं. दिएप बाहेर गेली.

मी दाराआड उभी राहिले. तो म्हणत होता, "आपण शहरात राहू. मला फरक पडत नाही."

"मला पडतो," दिएप म्हणाली. "तू जा, क्वी."

"तपासून घे ना एकदा. नसेल तर..."

"आणि असेल तर? मग तू राहशील, आणि मी रोज बघत बसेन तू किती दिवस राहतोस ते. जा."

तो गेला. त्याच्या गाडीची धूळ खाली बसेपर्यंत ती तिथेच उभी होती. मला बाहेर जाऊन तिला मिठी मारायची होती. पण मिठी मारतानाही माझे हात उडतात, तिला लागतं.

मग टोपली घेऊन ती मळ्यात गेली. मीही गेले. मला आता खुडता येत नाही, बांधावर बसले. ती समोरच्या ओळीत होती. तिचा हात वेगाने चालतो, माझ्यासारखाच चालायचा. मी बघत होते. पानांवर बोटं पडतात कशी, उचलतात कशी, मध्ये एखादं बोट उगाच हललं का. कितीदा नजर वळवली. पुन्हा तिथेच.

तिच्या लक्षात आलं. ती थांबली. टोपली खाली ठेवून माझ्यापाशी आली आणि दोन्ही हात, बोटं ताणून, माझ्या डोळ्यांसमोर धरले. "घे. बघ, आई. एकदाचं बघून घे."

मी बघितले. हिरव्या रसाने काळपट झालेली बोटं. एकही हलत नव्हतं. वाऱ्याने पानं हलत होती, तिच्या टोपीची दोरी हलत होती, तिचे हात नाही.

"आहेत ना बरे?" तिने विचारलं.

"बरे आहेत," मी म्हटलं.

ती पुन्हा खुडायला गेली. एकविसाव्या वर्षी माझेही हात असेच होते.